वेगळी खोली

शाळेतल्या मैत्रिणींची दोन रात्रींची सहल ठरत होती आणि खोल्यांच्या जोड्या लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पन्नाशीच्या बायकांच्या बाबतीत हे काम वाटतं तितकं सोपं नसतं. एकीला पंख्याचा वारा सोसत नाही, दुसरीला पंखा पाचवर नसेल तर जीव घाबरा होतो. एकीला रात्री तीनदा उठावं लागतं म्हणून बाथरूमच्या बाजूचा पलंग हवा. एक दहालाच दिवा मालवणार, एक दोन वाजेपर्यंत मोबाइल बघत बसणार. हे सगळं कागदावर मांडत असताना एका मैत्रिणीचा फोन आला. ग्रुपवर काही लिहिलं नव्हतं, मुद्दाम फोन. "मला वेगळी खोली दे. जास्तीचे पैसे मी भरेन." का म्हणून विचारलं, तर आधी म्हणाली, आता कुणाबरोबर झोपायची सवयच राहिली नाही. मग जरा थांबली. "अगं, मी घोरते. खूप घोरते. वजन वाढल्यापासून." आणि मी काही बोलायच्या आत, "कुणाला सांगू नकोस हं."

ही बाई काही भिडस्त नाही. पाळीच्या तक्रारी, फायब्रॉइडचं ऑपरेशन, नवऱ्याशी धरलेला अबोला, सगळं तिने आम्हाला हातवारे करून सांगितलेलं आहे. वजनावरचे सगळ्यात चांगले विनोद तिचेच. पण घोरण्याचं सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की मला तिला परत विचारावं लागलं. पुरुषाचं घोरणं ही घरातली चेष्टा असते, तो स्वतःही तीत हसून सामील होतो. बाईने घोरणं मात्र लपवायचं. तरी मला टोचत राहिलं ते हे नव्हे. टोचत राहिले ते तिचे शेवटचे शब्द, 'वजन वाढल्यापासून'. तिच्या मनात क्रम पक्का होता. आधी वजन, मग घोरणं. आधी गुन्हा, मग शिक्षा. हा क्रम मध्येच कुठे उलटा फिरला असेल का, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

आमच्या वयाच्या चार बायका जमल्या की थोड्याच वेळात वजनाचा विषय निघतो. कुणी सोळा तास उपाशी राहतं, कुणी गोड सोडलेलं असतं, कुणी रोजची पावलं मोजतं. बोलणं हसतखेळत चालतं, पण प्रत्येकीच्या वाक्यात एक कबुली असते: माझाच ताबा राहत नाही, मीच कमी पडते. झोपेचा विषयही निघतो, मात्र वेगळ्या सुरात. "मला तीनला जाग येते." "मलाही." "मी साडेतीनला छताकडे बघत पडलेली असते." मग हशा. झोपेवरून कुणी स्वतःला बोल लावत नाही, कुणी उपायही विचारत नाही. ती जायचीच, वयच तसं आहे. शरीर तेच, वय तेच, पण वजन हा आपला दोष आणि झोप हे आपलं नशीब, अशी आम्ही वाटणी करून टाकली आहे. दोन्ही विषय एकाच संध्याकाळी, एकाच सोफ्यावर बसून बोलले जातात आणि तरी त्यांची गाठ पडत नाही.

माझ्या आईच्या बाबतीतही ती पडली नाही. मी कॉलेजात होते. रात्री अभ्यासाला जागी असले की ती खिडकीपाशी बसलेली दिसायची, घडी घातलेल्या वर्तमानपत्राने वारा घेत. केसांच्या मुळाशी घाम, मानेला चिकटलेल्या बटा, आणि पाच मिनिटांनी हीच बाई शाल ओढून घ्यायची. "झोप ना गं," म्हटलं की म्हणायची, "झाली माझी झोप." दुपारी वाचता वाचता तिची मान कलायची, चष्मा नाकावरून घसरायचा. त्या वर्षांत तिचं अंग सुटलं. नात्यातल्या बायकांनी निदान करून टाकलं: दुपारची झोपते ना, म्हणून. तिने दुपारची डुलकी बंद केली. वजन काही हललं नाही, चिडचिड मात्र वाढली आणि 'हिला हल्ली झालंय तरी काय' हा घरातला नवा विषय झाला. खिडकीपाशी बसणारी आई आणि दुपारी पेंगणारी आई ही एकच बाई आहे, असं कुणी धरून चाललंच नाही. मला दोघी दिसत होत्या. पण त्या वयात आईलाही शरीर असतं हेच मुळात ध्यानात येत नाही.

आता तो तीनचा ठोका माझ्याकडे आलाय.

छातीच्या मधोमध काहीतरी पेटतं, गळ्यावर चढतं, कानाच्या पाळ्यांपर्यंत जातं. पांघरूण लाथाडलं जातं. घाम वाळू लागला की थंडी वाजते आणि तेच पांघरूण अंधारात चाचपडत शोधावं लागतं. उशीची दुसरी बाजू, मग पुन्हा पहिली. हे का होतं ते वाचलं तेव्हा मला विचित्र समाधान वाटलं, कुणीतरी आपली बाजू घेतल्याचं. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान एका ठरावीक पट्ट्यात सांभाळत असतो. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी झालं की तिथल्या काही चेतापेशी अतिउत्साही होतात आणि हा पट्टा अरुंद होतो. तापमानातला जो किरकोळ चढउतार शरीर पूर्वी खपवून घ्यायचं, त्यावर ते आता आणीबाणी जाहीर करतं. रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो. नेमक्या याच पेशींच्या कामात हस्तक्षेप करणारं, हार्मोन नसलेलं एक औषध अमेरिकेत २०२३ साली मंजूर झालं. म्हणजे खिडकीपाशी बसलेल्या आईच्या मेंदूत काय चाललं होतं याचा पत्ता लागून औषध हाती यायला इतकी वर्षं गेली. प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनचीही अशीच गत. त्यापासून तयार होणारं एक द्रव्य मेंदूला शांतवणाऱ्या यंत्रणेला हात देत असतं. पाळी लांबू-चुकू लागते तसा तो हात सुटत जातो. 'दोन-चार महिने त्रास होईल, मग आपोआप जाईल' असं सांगणाऱ्यांसाठी एक आकडा: अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या आणि 'स्वान' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात, ज्यांना हे उकाड्याचे झटके वरचेवर येत होते, त्यांच्यातल्या निम्म्या जणींना ते ७.४ वर्षांहून जास्त काळ आले. साडेसात वर्षांच्या तुटक्या झोपेला 'थोडे दिवस' म्हणायला मोठं काळीज लागतं.

आणि मग भूक. तीन वाजताची भूक दिवसाच्या भुकेपेक्षा वेगळी असते. तिला जेवण नको असतं, गोड नाहीतर खारट हवं असतं, आणि लगेच हवं असतं. फ्रिजच्या उजेडात उभं राहून, कुणी ऐकू नये म्हणून झाकण हळूच उघडत खाताना आपण आपल्याच घरात चोर असतो. सकाळी लक्षात राहतं ते फक्त खाणं. झोप मोडली होती ते कुणी वहीत लिहून ठेवत नाही, खाल्लेलं मात्र मनावर कोरलं जातं.

ही भूक चारित्र्यातून येत नाही, हे कळायला विज्ञानालाही बरीच वर्षं लागली. पोट भरल्याचा, खरं तर चरबीचा साठा पुरेसा असल्याचा निरोप मेंदूला देणारं लेप्टिन सापडलं १९९४ साली. भूक चाळवणारं घ्रेलिन सापडलं १९९९ साली, जपानमध्ये. आणि २००४ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध केला. बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, आणि वेगळ्या वेळी त्याच तरुणांना दोन रात्री दहा-दहा तास अंथरुणात राहू दिलं. कमी झोपेनंतर लेप्टिन १८ टक्क्यांनी खाली, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वर, आणि भूक २४ टक्क्यांनी जास्त. ओढ कशाची वाढली, तर गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. धडधाकट पोरं, दोनच रात्री, आणि त्यांची जीभ तीन वाजता फ्रिजपाशी उभ्या असलेल्या माझ्यासारखीच झाली. त्यांना कुणी म्हटलं नाही की तुमचा मनावर ताबा नाही. त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले. आमचं वजन घेतात.

हा प्रयोग मला आवडतो आणि त्याचा रागही येतो. आवडतो, कारण त्याने भुकेला चारित्र्याच्या रकान्यातून काढून रक्तात नेऊन ठेवलं. राग येतो तो त्या बारा तरुणांचा. बायकांवर, त्यातही पाळी गेलेल्या बायकांवर, असा प्रयोग करावा, हे सुचायला इतका वेळ का लागावा? कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली तो केला. तोही चार तासांसारखा टोकाचा नाही, आपल्या ओळखीचा. एरवी पुरेशी झोप घेणाऱ्या ३८ जणींना सहा आठवडे रोज दीड तास कमी झोपायला सांगितलं, म्हणजे रात्रीची झोप सहा तासांच्या जरा वर. एवढ्यानेच शरीराचा इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या हार्मोनला, असलेला विरोध जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढला, आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये २० टक्क्यांहून अधिक. मला थांबवलं ते पुढच्या वाक्याने. हा बदल अंगावरच्या चरबीत पडलेल्या फरकामुळे झालेला नव्हता. थोडक्यात, वजनकाट्यावर उभं राहिलं असतं तर काट्याने 'सगळं ठीक' म्हटलं असतं.

इथे मला एका गोष्टीची चीड नोंदवायची आहे. झोपेचं महत्त्व आता बाजाराच्या लक्षात आलंय. 'झोपा आणि बारीक व्हा' अशा थाटाच्या जाहिराती फोनवर येतात, त्याही रात्री अकरा वाजता. हा शुद्ध थापेबाजीचा धंदा आहे. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका मोठ्या पाहणीत ६८,००० हून अधिक बायकांना सुरुवातीला झोपेबद्दल विचारलं गेलं आणि पुढे १६ वर्षं त्यांचं वजन नोंदवलं गेलं. पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांचं वजन, सात तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत किती जास्त वाढलं? १.१४ किलो. सोळा वर्षांत. तेही त्या जास्त खात होत्या किंवा कमी हलत होत्या म्हणून, असं दिसलं नाही. किलोभर वजनाचा फरक म्हणजे काही चमत्कार नव्हे. झोप सुधारली म्हणून जुन्या कपड्यांत कुणी मावायला लागत नाही, आणि तशी आशा दाखवणं म्हणजे झोपेलाही डाएटच्या यादीत नेऊन बसवणं. आधीच ती यादी लांबलचक आहे.

पण मग झोपेचा आणि शरीराचा संबंध किलोभराचाच म्हणायचा का? तर नाही, आणि हे समजायला काट्यावरून खाली उतरावं लागतं. २०१० सालचा आणखी एक शिकागोचाच प्रयोग. वजन जास्त असलेल्या दहा माणसांना दोन-दोन आठवडे मोजून कमी खायला दिलं. एकदा अंथरुणात साडेआठ तास, एकदा साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, साधारण तीन किलो. पण काय उतरलं ते बघा. पुरेशी झोप मिळाली तेव्हा त्यात १.४ किलो चरबी होती. झोप तोडली तेव्हा चरबी फक्त ०.६ किलो गेली. बाकी सगळं स्नायू आणि तत्सम, जे आपल्याला या वयात जिवापाड जपायला हवं ते. काटा दोन्ही वेळा तेच शाबासकीचं वाक्य बोलला असणार. अर्धपोटी राहून, पाच तास झोपून, वजन उतरल्याचा आनंद साजरा करणाऱ्या माझ्या ओळखीच्या बायका मला आठवल्या. जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवतात त्या.

'स्वान'मध्येही हेच वेगळ्या रीतीने दिसलं. पाळी जाण्याच्या सुमारास बायकांचं वजन एकदम उसळी मारतं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात वजनाची रेघ तिच्या नेहमीच्या चढणीनेच जात राहते. वळण घेते ती आतली विभागणी. शेवटच्या पाळीच्या साधारण दोन वर्षं आधीपासून दोन वर्षं नंतरपर्यंत चरबी भराभर वाढते आणि स्नायू उतरू लागतात. पोट सुटतं, दंड सैल होतात, आणि काटा आपला जुन्याच गतीने पुढे. 'या वयात चयापचयच मंदावतं' हे वाक्यही सोडून द्यायला हरकत नाही. आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत ६,४०० हून जास्त माणसांच्या नोंदी एकत्र करून २०२१ साली जे मांडलं गेलं, त्यात शरीराच्या घडणीचा हिशेब धरला तर २० ते ६० या वयात ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर राहतो असं निघालं, बायकांमध्येही. हे वाचून माझी एक मैत्रीण नाराज झाली. "म्हणजे ती सबबही गेली?" सबब गेली हे खरं. पण स्नायू टिकवायचे असतील तर झोप टिकवायला हवी, हे कारण मिळालं, आणि ते निदान खरं आहे.

आता सल्ल्याकडे येते. चाळिशी उलटलेल्या कुठल्याही जाड बाईला मिळणारा पहिला सल्ला असतो, पहाटे उठून चालायला जा. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि चालणं उत्तमच. पण तो तास आणायचा कुठून, हे कुणी विचारत नाही. कुणाला घरातली झाकपाक होऊन पाठ टेकायला साडेअकरा. कुणाचा तरुण मुलगा बाराला दार वाजवणार. सासूबाईंना रात्री दोनदा बाथरूमला न्यावं लागतं, त्यांची हाक ऐकू यावी म्हणून कान उघडे ठेवून झोपायचं. तीनचा ठोका तर आहेच. आणि यातून पाचचा गजर. एका खिशातले पैसे काढून दुसऱ्या खिशात ठेवायचे आणि बचत झाली म्हणायचं, तसा हा व्यवहार. घरातल्या सगळ्यांत सावध झोप कुणाची, असं कुठल्याही घरात विचारा. उत्तर एकच येईल, आणि ते कौतुकाने दिलं जाईल: आईला जरा खुट्ट झालं की जाग येते. जाग येते खरी. पण ती येते कारण दुसऱ्या कुणाला येत नाही, हे त्या कौतुकात झाकून जातं. वजन, रक्तदाब, साखर, कंबरेचा घेर, सगळं तपासणीच्या कागदावर असतं. 'रात्री तुम्हाला कोण कोण उठवतं' हा प्रश्न मी तरी कुठल्या कागदावर पाहिलेला नाही.

मैत्रिणीला वेगळी खोली मिळाली. सहलीत मात्र मी तिच्याकडे जरा जास्तच लक्ष ठेवून होते. ती गाडीत बसल्याबरोबर झोपायची, बोलता बोलता वाक्याच्या मध्ये झोपायची. सकाळी उठली की कपाळ दाबत बसायची. हे सगळं तिने डॉक्टरांना सांगितलेलं होतं: सकाळची डोकेदुखी, दिवसभराचा थकवा, रात्री दचकून जाग. तिला रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या होत्या, 'या वयात असं होतं' हे मिळालं होतं, आणि अर्थात 'वजन कमी करा' मिळालं होतं. घोरण्याचं तिने सांगितलं नव्हतं, कारण लाज. आणि तिला ते विचारलंही गेलं नव्हतं. झोपेत श्वास अडण्याचा आजार, ज्याला स्लीप ॲप्निया म्हणतात, तो म्हणजे जाड मानेच्या, ढाराढूर घोरणाऱ्या पुरुषाचा आजार, असं चित्र डॉक्टरांच्याही डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्याच्या चाळणीसाठी जी प्रश्नावली सर्रास वापरतात, तिच्यात पुरुष असण्याला एक गुण मिळतो. बायका मात्र बऱ्याचदा झोप लागत नाही, थकवा जात नाही, डोकं दुखतं अशाच तक्रारी घेऊन येतात आणि निद्रानाशाच्या नाहीतर नैराश्याच्या गोळ्या घेऊन परततात. पाळी असेपर्यंत बायकांना यापासून बरंच संरक्षण असतं, ते पाळीबरोबर जातं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या पाहणीत, वय आणि वजन हिशेबात धरूनही, पाळी गेलेल्या बायकांत हा आजार असण्याची शक्यता सुमारे अडीच पट निघाली होती. तिथलाच दुसरा निष्कर्ष असा की वजन १० टक्क्यांनी वाढलं तर श्वास अडण्याचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे मैत्रिणीचा क्रम चुकीचा नव्हता. फक्त तो तिथे संपत नव्हता. श्वास अडतो, झोप तुटते, तुटलेल्या झोपेने भूक आणि साखर बिघडते, अंगात चालायचं त्राण राहत नाही, वजन आणखी वाढतं, श्वास आणखी अडतो. गुन्हा कुठला आणि शिक्षा कुठली, हे या चक्रात ठरवताच येत नाही.

शेवटी तिची तपासणी झाली, घरच्या घरीच, बोटाला चिमटा आणि नाकाशी नळी लावून. प्राणवायू रात्रभर खाली-वर होत होता. आता ती श्वासनलिका उघडी ठेवायला हवेचा दाब देणाऱ्या मशीनचा मास्क लावून झोपते. पहिले कितीतरी दिवस तिला आजारापेक्षा मास्कची जास्त लाज वाटत होती. नवरा खोलीत आला की काढून ठेवायची. तिला भेटणारी प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारते: "मग? वजन उतरलं का?" नाही उतरलं. मशीनने वजन उतरत नाहीच, उलट किंचित वाढल्याचं अभ्यासांत दिसलंय. "सकाळी डोकं दुखत नाही," ती सांगते. "गाडी चालवताना भीती वाटत नाही." हे उत्तर ऐकून समोरचीचा चेहरा थोडा पडतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

दुसऱ्या एकीचे पाय रात्री वळवळायचे, हलवल्याशिवाय चैन पडायचं नाही. वर्षानुवर्षं पाळीत जबर रक्तस्राव. तिचा लोहाचा साठा तपासला तर तळाला गेलेला. तो भरला आणि पाय शांत झाले. इतकं साधं काही असू शकतं, हेही सांगून ठेवते.

माझ्या वाट्याला इतकं सरळ काही आलं नाही. माझा श्वास ठीक, लोह ठीक, थायरॉइड ठीक. मुलीने हौसेने दिलेलं घड्याळ मनगटावर बांधून मी झोपू लागले. ते सकाळी मला गुण देतं. शंभरपैकी. कमी गुण पडले की मी दिवसभर थकलेली, आणि रात्री आज तरी चांगले गुण पडावेत म्हणून टक्क जागी. झोप ही जगातली बहुधा एकच गोष्ट असेल जी प्रयत्न वाढवला की लांब पळते. आयुष्यभर प्रयत्नाने सगळं उरकत आलेल्या बाईला याचा अर्थच लावता येत नाही. घड्याळ आता कपाटात आहे.

मग निद्रानाशासाठीच्या कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीबद्दल, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलण्याच्या उपचाराबद्दल, वाचलं. जुन्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली तिचीच शिफारस केली, गोळ्यांच्या आधी. त्याच वर्षी उकाड्याचे झटके येणाऱ्या, ४० ते ६५ वयाच्या १०६ बायकांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला, तोही नुसत्या फोनवरून. त्यांची झोप सुधारली. झटके तेवढेच येत राहिले, पण त्यांचा जाच कमी झाला. या थेरपीतला मुख्य नियम ऐकला तेव्हा मला तो उफराटा वाटला: झोप येत नसेल तर अंथरुणात पडून राहू नका, आणि सुरुवातीला अंथरुणातला वेळच कमी करा. नऊपासून लोळत राहणाऱ्या मला साडेअकरापर्यंत बसवून ठेवलं. जांभयांनी डोळ्यांत पाणी यायचं. पहिले दिवस शुद्ध छळ होता आणि त्या दिवसांत मी फार वाईट आई, वाईट बायको आणि वाईट सून होते. हळूहळू तीनची जाग तीनची राहिली नाही. कधी साडेचारला येते, कधी येतच नाही. अधूनमधून अख्खी रात्र वाया जाते. हार्मोनच्या उपचाराबद्दलही डॉक्टरांशी बोलणं चालू आहे, त्यात माझा घरचा इतिहास पाहावा लागतो आणि तो निर्णय प्रत्येकीचा वेगळा. वजन आहे तिथेच आहे. रात्रीचं फ्रिजपाशी जाणं मात्र जवळजवळ थांबलंय, आणि त्यासाठी मी काहीही 'केलेलं' नाही. त्याचं श्रेय घ्यायला मन कचरतं, कारण मग गेल्या इतक्या वर्षांच्या खाण्याचा दोषही मी उगाच घेतला होता, असं म्हणावं लागतं.

थेरपीच्या नियमांत एक गोष्ट बसत नव्हती. अंथरुणातला वेळ ठरवायचा म्हणजे तो वेळ आपला असायला हवा. सासूबाईंची हाक काही ठरवून येत नाही. हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं पण मला ऐकूच येत नाही, मी काय करू?" त्यात लबाडी नव्हती, त्याला खरंच ऐकू येत नाही, वीस-बावीस वर्षं त्याच्या कानांना ती गरजच पडलेली नाही. मग आम्ही एक साधी बिनतारी घंटी आणली. बटण सासूबाईंच्या उशाशी, घंटी त्याच्या बाजूच्या टेबलावर, एक दिवसाआड. माझ्या सुट्टीच्या रात्री मी कानात बोळे घालते. सुरुवातीला सासूबाई बटणच दाबत नव्हत्या. "त्याला सकाळी ऑफिस असतं ना," म्हणाल्या. ऑफिस मलाही असतं, हे त्यांना ठाऊक नाही असं नव्हे. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून थोडं हसलो, मग त्या दाबू लागल्या.

आठवडाभराने नवरा दुपारी ऑफिसातून फोन करून म्हणाला, "काय झालंय कळत नाही, आज सकाळपासून सारखं काहीतरी खावंसं वाटतंय. गोड." मी त्याला शिकागोच्या त्या बारा तरुणांची गोष्ट सांगितली. दोन रात्री, चार-चार तास, घ्रेलिन, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"पण ते तरुण होते," तो म्हणाला. "आमच्या वयात काय होत असेल?"